आधी उतरा, मग चढा

थंड हवेच्या ठिकाणाची आपल्या मनात एक ठरलेली चीज असते. गाडीनं वर जायचं, कड्याच्या कठड्याशी उभं राहायचं, खालची दरी बघायची, गरम भजी खायची. दापोलीला हौसेनं ‘कोकणचं महाबळेश्वर’ म्हणतात, म्हणून येणारा हीच चीज ऐकायला येतो आणि जरा हिरमुसतो. इथे कडाही नाही, पॉइंटही नाहीत. इंग्रजांनी छावणी टाकली ती समुद्रापासून आठेक किलोमीटरवरच्या मोकळ्या माळावर, हवा चांगली म्हणून. आजूबाजूच्या गावांतली जुनी माणसं अजून ‘जरा कॅम्पात जाऊन येतो’ म्हणतात. तेव्हा दापोलीची गोडी दापोलीत शोधू नये. हर्णैच्या रस्त्यानं आसूदला उतरावं आणि केशवराजाच्या देवळाला जावं.

देवाला निघण्याआधी एक काम. बागेतल्या एखाद्या घरगुती खानावळीत डोकावून जेवण सांगून ठेवायचं. पानं किती, एवढंच विचारतात. मेनूकार्ड वगैरे भानगड नाही.

मग पाखाडी. डोंगरावरच्या देवळाला जायचं तर माणूस चढायच्या तयारीनं निघतो, पण ही वाट आधी खाली नेते. दोन्ही हातांना जांभ्याचे शेवाळलेले गडगे, वर पोफळींचं छत, त्यांच्या अंगावर चढलेल्या मिरीच्या वेली. मार्चातलं ऊन वरच्या झावळ्यांत अडकतं आणि खाली नाण्यांएवढं गळतं. बाजूनं पाट वाहतो. तो दिसण्याआधी ऐकू येतो. कुठे गडग्याआड जातो, कुठे पायाशी येतो. गवई अवरोहानं सुरुवात करतो तेव्हा ऐकणारा सावरून बसतो, तसं इथे होतं. उतरण्यात दम लागत नाही, त्यामुळे डोळे आणि कान मोकळे राहतात. चढानं सुरुवात झाली असती तर हा पाट कुणी ऐकला असता?

तळाशी पऱ्या. तो पुलावरून ओलांडला की जांभ्याच्या पायऱ्या सुरू होतात, आणि आता मात्र चढ खरा असतो. झाडी इतकी दाट की वरचं काही दिसत नाही. किती उरलं हे कळत नाही, हे बरंच. श्री. ना. पेंडशांचं मुर्डी गाव इथून जवळच. त्यांची ‘गारंबीचा बापू’ ही कादंबरी १९५२ सालची. ती वाचलेल्या माणसाला या झाडीत एखादी आकृती आपल्या पुढे चालल्याचा भास झाला तर नवल नाही.

देऊळ लहान आहे, आणि ते लहानच हवं होतं. आत काळ्या पाषाणाची विष्णूची मूर्ती, बाहेर गोमुख. वर डोंगरात आंब्याच्या मुळाशी झरा आहे, तिथून दगडी पन्हळीनं पाणी येतं आणि गोमुखातून पडतं. चढून तापलेल्या माणसानं त्याखाली ओंजळ धरली की सम येते. इथून दरी दिसत नाही याची खंत तेव्हा कुणालाच नसते.

परतीची वाट मी भुकेच्या नावावर सोडून देतो.

पान मांडलेलं असतं. मऊ भात, वालाचं बिरडं, फणसाच्या कुयरीची भाजी, आणि नशीब असेल तर ओल्या काजूची उसळ. सोललेल्या ओल्या काजूला चव फार कमी असते. तो दुधट, किंचित गोड. म्हणूनच सुगरण त्याला मसाल्यात बुडवत नाही. खोबरं, चिमूटभर गूळ, संपलं. उकडीचा मोदक सांगितला असेल तर त्याची पारी बघावी: कळ्या मोजण्यापेक्षा टोकाशी उकड जाड राहिली आहे का, ते.

पण या जेवणाचा मालकंस सोलकढीत. शहरातल्या कितीतरी हॉटेलांत ती गुलाबी सरबतासारखी भडक असते आणि तोंडाला साखर चिकटते. इथली फिकट, जांभळटाकडे झुकलेली. रातांबे पिकतात ते एप्रिल-मेमध्ये. म्हणजे मार्चातल्या वाटीतली आमसुलं गेल्या उन्हाळ्यातली, स्वतःच्याच रसाची पुटं चढवून वाळवलेली. नारळ मात्र आजचा. जुन्या आंबटपणावर ताजं दूध येतं, मागून लसूण आणि हिरवी मिरची हळूच बोलतात. उकळी नाही, फोडणी नाही. आंबट आधी लागतं, गार मागून. उतरण मग चढण हा वाटेचाच क्रम वाटीत उलटा होऊन येतो. आणि नारळ ज्या माडाचा, तो पाटाच्या पाण्यावरचा.

संध्याकाळी हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव बघायचा बेत होता. मी दुसरी वाटी मागितली, मग तिसरी, आणि ओटीवर जरा टेकलो. उठलो तेव्हा लिलाव आटोपला होता.