साळुंके नावाची नायिका

भारतीय चित्रपटातली पहिली नायिका कोण, हा स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकातला हुकमी प्रश्न. उत्तरात अण्णा साळुंके हे नाव आलं की वर्गात खसखस पिकते आणि विषय तिथेच मिटतो. या माणसाचा अभिनय कसा होता, हे मात्र कुणी विचारत नाही. मूकपटांवरच्या आपल्या लिखाणात फाळक्यांची जिद्द भरपूर सापडते, नटांचं काम जवळजवळ नाहीच.

हकीकत सर्वांना ठाऊक आहे. ‘राजा हरिश्चंद्र’साठी एकही बाई उभी राहीना, तेव्हा ग्रँट रोडच्या हॉटेलात काम करणारा एक सडपातळ, नाजूक हातांचा तरुण फाळक्यांच्या नजरेत भरला. तिथे दहा रुपये मिळायचे, इथे पंधरा ठरले. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये चित्रपट लागला आणि साळुंके तारामती झाले.

एवढ्या हकिकतीवर आपण समाधान मानतो. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जपलेली त्या चित्रपटाची पहिली आणि शेवटची रिळं आता मोबाइलवरही दिसतात. ती लक्ष देऊन पाहावीत. कॅमेरा खिळल्यासारखा एका जागी. चेहरा जवळून दिसण्याची सोय नाही, आवाज नाही. माणूस डोक्यापासून पायापर्यंत चौकटीत उभा, म्हणजे जे सांगायचं ते मान, हात आणि पदर यांनीच. स्नानाच्या प्रसंगात राणी सख्यांसह हौदात आहे आणि राजा तिला बोलवायला येतो. सगळ्या सख्या पुरुषच. ओल्या साडीत त्यांचे खांदे लपत नाहीत, पाणी उडवण्यातही आखाड्यातला जोर आहे. साळुंके त्या गर्दीत वेगळे ओळखू येतात, कारण ते कमी हलतात. रवी वर्म्याच्या चित्रातल्या बायकांचं स्थैर्य त्यांनी उचललंय असं मला वाटतं. फाळक्यांनी लोणावळ्याला रवी वर्मा छापखान्यासाठी काम केलं होतं, तेव्हा ही शिकवण कुठून आली असेल हे सांगायला नको.

ही रिळं १९१३ ची की १९१७ मध्ये पुन्हा काढलेल्या आवृत्तीची, यावर अभ्यासकांत वाद आहे. वाद रिळांच्या जन्मतारखेपुरता चालतो. खरं तर तो अभिनयाचाही आहे. रिळं १९१७ ची असतील तर आपण नवशिका नट पाहत नसून चार वर्षं कॅमेऱ्यापुढे मुरलेला नट पाहतोय.

त्याच १९१७ साली ‘लंकादहन’मध्ये साळुंके राम झाले आणि सीताही. रंगभूमीवर ही गोष्ट जड गेली असती. राम इकडे, सीता लंकेत. कथेनेच दोघांची ताटातूट केलेली, आणि फाळक्यांनी तिचा बरोब्बर फायदा उठवला. हिंदी चित्रपटातल्या दुहेरी भूमिकांची सगळी वंशावळ इथून सुरू होते.

गंधर्व नाटक मंडळीची स्थापनाही १९१३ चीच. बालगंधर्वांनी स्त्रीभूमिका गळ्यावर आणि लाडिक बोलण्यावर उभी केली. साळुंकेंकडे यातलं काही नव्हतं आणि पडद्याला ते नकोच होतं. तरी बालगंधर्वांवर कपाटभर पुस्तकं आहेत, साळुंकेंच्या वाट्याला दोन परिच्छेद. गाणारा नट महाराष्ट्र विसरत नाही, हे खरंच.

जपानात जवळपास असंच घडत होतं. काबुकीच्या परंपरेने तिथेही पडद्यावर स्त्रिया पुरुषच करत. १९२२ च्या सुमारास ती चाल मोडू लागली, तेव्हा निक्कात्सु कंपनीतल्या या नटांनी एकत्र राजीनामे दिले. त्यांच्यापैकीच तेइनोसुके किनुगासा दिग्दर्शनाकडे वळले आणि १९२६ मध्ये त्यांनी ‘वेड्यांचं एक पान’ अशा अर्थाच्या नावाचा थरारक मूकपट काढला. त्याच वर्षी वारलेले पुरुषभूमिकांचे बादशहा मात्सुनोसुके ओनोए यांच्या नावावर हजाराच्या आसपास चित्रपट सांगतात. उरले बोटांवर मोजण्याइतके. पण उरलेल्या तुकड्यांवर जपानी समीक्षक अभिनयाच्या अंगाने भांडतात. किनुगासांसारखे साळुंकेही पुढे कॅमेऱ्यामागे गेले, छायाचित्रण करू लागले. चौकटीत कसं उभं राहायचं हे ज्याला ठाऊक, त्याने चौकट कशी लावली असेल? यावर एक धड लेख मराठीत मला सापडलेला नाही.

मनमाडकरांनी हा विषय मुंबईचा म्हणून सोडून देऊ नये. फाळक्यांनी १९१३ नंतर बिऱ्हाड नाशकात हलवलं, १९१८ मध्ये हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी तिथेच उभी राहिली. नाशिक आपल्यापासून तास-दीड तासाच्या गाडीवर. पलीकडे निजामाच्या मुलखात जाणारी छोटी गाडी १९०० च्या सुमारास इथूनच सुटू लागली होती. नाशकाहून औरंगाबाद, जालन्याकडे रेल्वेने जाणाऱ्या माणसाला आणि मालालाही मनमाडात गाडी बदलावी लागे. रुळांची रुंदी बदलली ती १९९० च्या दशकात. म्हणजे फाळक्यांच्या चित्रपटांच्या पेट्या तिकडे गेल्या असतील, तर त्याही इथेच उतरल्या असणार.

नाशिक, मनमाड, येवल्याच्या जुन्या घरांत त्या काळातली एखादी जाहिरात, हस्तपत्रिका, कंपनीच्या नोकराचं पगारपत्रक, नटांचा एखादा फोटो अजून ट्रंकेत पडलेला असू शकतो. असेल तर रद्दीत घालू नका. पुण्याच्या संग्रहालयाला कळवा.