नाममुद्रा आणि गायिकेचे स्वत्व

गायिकेच्या आत्माविष्काराचा विचार करताना समीक्षा बहुधा गीताच्या संहितेपासून सुरुवात करते. ठुमरीच्या बाबतीत ही पद्धत अपुरी ठरते. ठुमरीतील ‘मी’ ही काव्यसंकेताने घडवलेली नायिका असते आणि तिचे शब्द अनेकदा पुरुष रचनाकारांचे असतात. मग गाणाऱ्या स्त्रीचे स्वत्व शोधावयाचे कोठे?

गौहर जान (१८७३–१९३०) यांच्या ध्वनिमुद्रिका या दृष्टीने विचारार्ह आहेत. नोव्हेंबर १९०२ मध्ये कोलकाता येथे फ्रेड गाइसबर्ग यांनी ग्रामोफोन कंपनीसाठी त्यांचे गायन मुद्रित केले. सुमारे तीन मिनिटांच्या गायनाअखेरीस त्या इंग्रजीतून स्वतःचे नाव उच्चारीत. यामागील कारण व्यावहारिक होते. तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे तयार होत आणि तेथील तंत्रज्ञांना आवाजाची ओळख पटणे आवश्यक होते. म्हणून या उच्चाराला मुक्तीची घोषणा मानणे घाईचे होईल. परंतु तो केवळ तांत्रिक संकेत मानल्यास त्याचा परिणाम नजरेआड होतो.

मराठी संतकाव्यातील नाममुद्रेशी तुलना केल्यास हा परिणाम स्पष्ट होतो. अभंगाअंतीची मुद्रा रचनेचे कर्तृत्व सांगते. जनाबाईंची मुद्रा तर अनेकदा नामदेवांच्या दासीपणाचा निर्देश करीतच येते. गौहर जान यांचा उच्चार रचनेचे नव्हे, तर गायनाचे कर्तृत्व सांगतो. त्यात गुरू, आश्रयदाता वा पती यांचा उल्लेख नाही. नावातील ‘जान’ हे पद तवायफपरंपरेची खूण जपते आणि तेच नाव, मैफलीत कधीही न गेलेल्या श्रोत्याच्या घरी पोहोचते.

हे स्वातंत्र्य पुढे टिकले असे मात्र नाही. अख्तरीबाई फैजाबादी यांनी १९४५ मधील विवाहानंतर गायन थांबवले. १९४९ मध्ये लखनौच्या रेडिओ केंद्रावरून त्या पुन्हा गाऊ लागल्या. पुढील काळाने त्यांना ‘बेगम अख्तर’ म्हणून ओळखले. ‘बाई’ हे पद लोपले, ‘बेगम’ रूढ झाले. आवाज परत मिळाला, पण प्रतिष्ठेच्या अटीवर.

तात्पर्य, सबलीकरण हा गीताचा अंगभूत गुण नव्हे. कोणत्या नावाने गावयाचे, हे ठरविण्याचा अधिकार कोणाकडे आहे, यावर ते अवलंबून असते. तौलनिक अभ्यासाने संहितेइतकेच लक्ष या नामव्यवहाराकडे देणे म्हणूनच अगत्याचे आहे.