मारधाडपटाची कैफियत

ज्या चित्रपटाचे नाव चारचौघांत घेताना सुशिक्षित मनुष्य किंचित ओशाळतो, आणि घरातील मंडळी निजल्यावर ज्याचा तो अखेरच्या हाणामारीपर्यंत एकट्याने आस्वाद घेतो, त्या अल्पखर्ची मारधाडपटाला आमच्या समीक्षेने आजवर आरोपीच्या पिंजऱ्यातच उभे केले आहे. कथानक तर्कदुष्ट, अभिनय भडक, अभिरुची हीन, ही कलमे ठरलेली. आरोपीची कैफियत मात्र कोणी नोंदवून घेतलेली नाही.

वस्तुतः या कलेचा मराठी पूर्वेतिहास मातब्बर आहे. मूकपटाच्या काळात मास्टर विठ्ठल यांच्या तलवारीने जो प्रेक्षक घडविला, त्याच प्रेक्षकासाठी गिरणी कामगाराचे चिरंजीव भगवान पालव, म्हणजेच भगवानदादा, यांनी १९३८ च्या 'बहादुर किसान'पासून पुढे दशकभर स्टंटपटांची मालिका लावली. नटांच्या जेवणाच्या तजविजीपासून पोशाखांच्या आखणीपर्यंत सारी मुखत्यारी त्यांनी स्वतःकडेच ठेवली होती. राज कपूर यांच्या सल्ल्याने काढलेल्या १९५१ च्या 'अलबेला'मुळे प्रतिष्ठितांनी त्यांना ओळखले. श्रमिकांनी त्यांना त्यापूर्वीच आपले मानले होते.

अशा अल्पखर्ची निर्मितीच्या निर्धनतेतून एक कलात्मक शिस्त निपजली. फिल्म मोजकी असल्याने प्रसंग रेंगाळत नसे, आणि देखावा उभारण्याची ऐपत नसल्याने नटाच्या देहालाच देखावा व्हावे लागे. परंतु या सच्चेपणाचे गुणगान करताना त्याची किंमतही हिशेबात धरली पाहिजे. १९४२ साली एका चित्रीकरणात भगवानदादांची थप्पड वर्मी बसून ललिता पवार यांचा डोळा कायमचा अधू झाला. काटकसर ही कलेची सद्‌गुरू असेल. कलावंताच्या शरीराशी मात्र ती बेमुर्वत वागली.

पुढे महेश कोठारे यांनी 'धडाकेबाज'मध्ये (१९९०) कवट्या महाकाळाच्या रूपाने मराठी मुलांना हवाहवासा खलपुरुष दिला, आणि कांती शहा यांच्या हिंदी 'गुंडा'ने (१९९८) यमकबद्ध संवादांची अशी आतषबाजी केली की, महाविद्यालयीन तरुणांनी कालांतराने त्याला उपहासाच्या सिंहासनावर बसविले. हा उपहासमिश्रित आनंदच मला संशयास्पद वाटतो; कारण त्यात प्रेक्षक चित्रपटाचे सुख तर घेतो, परंतु त्याचे ऋण मानीत नाही.

बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रसायने, कापड आणि पोलाद यांच्या कारखान्यांतून पाळ्यांवर राबणाऱ्या, बहुधा परप्रांतांतून आलेल्या कामगाराच्या लेखी सुशिक्षिताचा तो ओशाळलेपणा संभवत नाही. डहाणूपर्यंत २०१३ मध्ये आलेल्या लोकलने पालघरकडे जाताना हातातील मोबाईलवर हिंदीत डब केलेला दाक्षिणात्य मारधाडपट तो उघडपणे पाहतो, आणि पाळीची वेळ झाली की निम्म्यावर तोडतो. त्याला रसिक ठरवून डोक्यावर घेण्याचे कारण नाही. तथापि दिवसभर ड्रम आणि लोखंड उचलणाऱ्या माणसाला वजन म्हणजे काय हे कळते, आणि पडद्यावरचा मनुष्य खरोखर आदळला की नुसता उडविला गेला, हा भेद त्याला कोणी शिकवावा लागत नाही.

आजच्या मारधाडपटाची अवनती नेमकी येथे आहे. एका ठोशासरशी दहा माणसे आकाशात भिरकावणारी संगणकीय करामत मोठ्या भांडवलाच्या चित्रपटात निदान झगमगते. अल्पखर्ची निर्माता तिची स्वस्त नक्कल करू लागला की, गरिबी झाकण्याच्या खटपटीत तो स्वतःची एकमेव मिरास, म्हणजे चपळ देह आणि नेटकी कथा, गमावून बसतो. या कलेवर हलकेपणाचा आरोप ठेवण्यात अर्थ नाही, कारण हलकेपणा तिने कधी नाकारलाच नव्हता. नटाच्या सुरक्षिततेची हमी देऊनही आघात विश्वसनीय करता येतो; तालीम आणि कौशल्य यांना संगणकाहून अधिक चिकाटी लागते, इतकेच. तेवढी चिकाटी ज्या निर्मात्यापाशी नाही, त्याला दोषी ठरवावे, आणि प्रेक्षकाला बाइज्जत मुक्त करावे.