'व्यर्थ' शब्दांचा अर्थ : मराठी संभाषणातील पालुपदांचा पुनर्विचार

बीजसंज्ञा : पालुपद, केवलप्रयोगी अव्यय, बोली, संभाषण, मूल्यमापन

प्रस्तावना

तोंडी परीक्षेत विद्यार्थी उत्तराचा आरंभ 'म्हणजे' या शब्दाने करतो, मध्येच 'ते आपलं...' म्हणून थांबतो आणि परीक्षकाच्या मनात त्याच्या तयारीविषयी शंका निर्माण होते. बोलताना असे शब्द येणे हा अज्ञानाचा, निदान वाईट सवयीचा पुरावा मानला जातो. या समजुतीला मराठी व्याकरणातील एका वर्गीकरणाचाही आधार मिळालेला आहे. ते वर्गीकरण कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

व्याकरणातील स्थान

अर्थहीन पूरक शब्दांची कल्पना प्राचीन आहे. यास्काने निरुक्ताच्या पहिल्या अध्यायात 'कम्', 'ईम्', 'इत्', 'उ' या निपातांना अनर्थक म्हटले आहे. छंदोबद्ध रचनेत ते पादपूरण करतात, तर गद्यात वाक्यपूरण. मराठीच्या शालेय व्याकरणाने हीच दृष्टी पुढे चालवली. केवलप्रयोगी अव्ययांच्या प्रकरणात 'म्हणे', 'आपला', 'बापडा', 'बेटे' यांना 'व्यर्थ उद्गारवाची' म्हटले जाते, तर 'बरं का', 'जळलं मेलं' यांसारख्या शब्दांना 'पादपूरणार्थक' अथवा 'पालुपदे' म्हटले जाते.

या वर्गीकरणातील मूळ अडचण 'पादपूरण' या संज्ञेतच आहे. पद्यात मात्रा कमी पडतात म्हणून शब्द घातला जातो, हे समजण्यासारखे आहे. परंतु बोलण्यात वृत्त नसते. मग तेथे हे शब्द कोणती रिकामी जागा भरतात, हा प्रश्न वर्गीकरणकर्त्यांनी विचारलेला दिसत नाही.

उदाहरणांची फेरतपासणी

'तो उद्या येणार' आणि 'तो उद्या येणार म्हणे' ही वाक्ये समानार्थी नाहीत. दुसऱ्या वाक्यातील माहिती ऐकीव आहे आणि तिची जबाबदारी वक्ता स्वतःवर घेत नाही. 'मी आपला गप्प बसलो' या वाक्यातील 'आपला' नाइलाज व माघार सूचित करतो. शिवाय स्त्री बोलत असेल तर 'मी आपली गप्प बसले' असेच म्हटले जाते. जो शब्द लिंगानुसार रूप बदलतो, त्याला अव्यय म्हणणे आणि वर व्यर्थही म्हणणे, या दोन्ही गोष्टी शंकास्पद ठरतात.

याहून बोलके उदाहरण 'हे' या सर्वनामाचे आहे. 'त्या ह्याला सांगितलं होतं' असे म्हणणाऱ्याला व्यक्तीचे नाव आठवलेले नसते, पण विभक्तीचा प्रत्यय चुकत नाही. 'ती ही... किसणी कुठे ठेवली?' या वाक्यात वस्तूचे नाव ओठांवर येण्यापूर्वीच तिचे लिंग व्यक्त झालेले असते. विग्लिओको, अँतोनिनी व गॅरेट यांच्या १९९७ च्या अभ्यासात इटालियन भाषकांना शब्द आठवत नसतानाही त्याचे व्याकरणिक लिंग बऱ्याचदा सांगता आले. 'ती ही' हा प्रयोग त्याच अवस्थेची साक्ष देतो. वाक्याचा सांगाडा उभा असतो, एकच चिरा बसायचा राहिलेला असतो.

संभाषणाची प्रक्रिया

विलेम लेव्हेल्ट यांनी १९८९ साली मांडलेल्या प्रतिमानानुसार आशयाची जुळणी, भाषिक रचना आणि उच्चारण ही कार्ये बोलताना जवळजवळ एकाच वेळी चालू असतात. शब्द मिळण्यास विलंब झाला तर केवळ मौन पाळणे जोखमीचे असते, कारण मौन म्हणजे बोलणे संपले, असे ऐकणारा समजू शकतो. 'म्हणजे' किंवा 'काय झालं की' या शब्दांनी वक्ता आपली पाळी राखून ठेवतो. हर्बर्ट क्लार्क व जीन फॉक्स ट्री यांनी २००२ साली इंग्रजीतील 'अ' व 'अम्' हे उद्गार विलंबाची पूर्वसूचना देणारे शब्दच आहेत, असे प्रतिपादन केले. ओकॉनेल व कोवाल यांनी २००५ साली त्यावर आक्षेप घेतला. म्हणून प्रत्येक उद्गार हेतुपूर्वक दिलेला संकेत असतो, असे म्हणता येणार नाही. तथापि संकेत हेतुपूर्वक असो वा नसो, त्यामागे विचार चालू असतो, हे मान्य करावे लागते.

अध्यापकांच्या दृष्टीने शाख्टर व सहकाऱ्यांचा १९९१ चा अभ्यास महत्त्वाचा आहे. मानव्यविद्यांचे प्राध्यापक व्याख्यानात निसर्गविज्ञानांच्या प्राध्यापकांपेक्षा असे उद्गार अधिक वापरतात, परंतु सर्वांना समान विषयावर बोलते केल्यावर हा फरक उरत नाही, असे त्यात आढळले. ज्या विषयात शब्दांचे पर्याय अधिक, तेथे निवडीसाठी थांबणेही अधिक, असे त्याचे स्पष्टीकरण दिले गेले.

साहित्यातील दाखला

पु. ल. देशपांडे यांच्या 'व्यक्ती आणि वल्ली'मधील सखाराम गटणे छापील भाषेत बोलतो. त्याची वाक्ये निर्दोष असतात आणि म्हणूनच हास्यास्पद ठरतात. जिवंत बोलण्यात चाचपडणे अपेक्षित असते, हे वाचकाला ठाऊक असल्यामुळेच हा विनोद साधतो. परीक्षेच्या दालनात मात्र आपण प्रत्येक विद्यार्थ्याकडून गटण्याचीच अपेक्षा करतो.

मूल्यमापनाचा प्रश्न

ही अपेक्षाही सर्वांना समान लागू होत नाही. 'बेसिकली', 'ॲक्च्युअली' ही पालुपदेच आहेत, पण ती आत्मविश्वासाची खूण समजली जातात. त्याच जागी 'मंग' किंवा 'न्हवं' आले की ते गावंढळपणाचे लक्षण ठरते. कार्य एकच असताना निकाल वेगळा लागतो. येथे बोलण्याचे नव्हे, बोलणाऱ्याच्या सामाजिक स्थानाचे मूल्यमापन होते. पहिल्या पिढीतील विद्यार्थ्याला त्याची किंमत गुणांत मोजावी लागते आणि पुढे तो बोलणेच टाळू लागतो.

अर्थात पालुपदांचा अतिरेक श्रोत्याला थकवतो. पूर्वतयारीच्या भाषणात त्यांना आवर घालणे योग्यच आहे. परंतु तयार भाषणाचा निकष उत्स्फूर्त उत्तराला लावणे अन्यायाचे आहे.

निष्कर्ष

'म्हणे' व 'आपला' यांना निश्चित अर्थ आहे, 'हे' वाक्यरचनेचे नियम पाळते आणि 'म्हणजे' संभाषणाचा धागा टिकवून धरते. त्यामुळे 'व्यर्थ' ही संज्ञा व्याकरणाच्या पाठ्यपुस्तकांतून वगळावी आणि या शब्दांचे वर्गीकरण कार्यानुसार करावे. तसेच तोंडी परीक्षेतील गुणदानात आशय व ओघ यांचा स्वतंत्र विचार व्हावा. उत्तर देताना थांबलेला विद्यार्थी अनेकदा योग्य शब्दाच्या शोधात असतो. तो शब्द सापडेपर्यंत थांबणे, हे परीक्षकाचे कर्तव्य आहे.