‘पृष्ठक्रियाकारक’ या संज्ञेविषयी
साबणासारख्या प्रक्षालक द्रव्यांना मराठीत ‘पृष्ठक्रियाकारक’ म्हणतात. संज्ञेची घडण निर्दोष आहे. तथापि ती वाचकाची दृष्टी पाण्याच्या पृष्ठभागावरच खिळविते. पिंपरी-चिंचवड व चाकण यांच्यामधून आळंदीकडे वाहणाऱ्या इंद्रायणीवर फेस आला की बोभाटा होतो. तो ओसरला की नदी निवळली असे मानले जाते. या समजुतीला संज्ञेचा आधारच मिळतो.

अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन ही पद्धती मात्र पाण्याच्या पोटात पाहते. सोडियम डोडेसिल सल्फेटचे रेणू २५° सेल्सिअसला लिटरमागे सुमारे २.३ ग्रॅमपर्यंत सुटे राहतात. त्यापुढे त्यांचे पुंजके, म्हणजे मिसेल, बनतात. सुटे व पुंजक्यांतील रेणू इतक्या त्वरेने जागा बदलतात, की वर्णपटात दोन वेगळ्या रेषा न दिसता दोहोंच्या सरासरीची एकच रेषा उमटते. संहती वाढविताना ही रेषा जेथे सरकू लागते, तेथे मिसेलांचा आरंभ समजावा. फेस त्या मर्यादेच्या पुष्कळच खाली होतो. म्हणजे तो पोटातील रचनेची खूण नव्हे. नदीतील अत्यल्प अंश या पद्धतीने थेट मोजणे दुष्कर आहे, हेही मान्य केले पाहिजे.

‘उभयस्नेही’ ही संज्ञा अधिक स्वीकारार्ह वाटते. जलस्नेही डोके आणि तैलस्नेही शेपूट हा रेणूचा स्वभाव ती सांगते. त्याचे ठिकाण नव्हे.