निकेल-कॅडमिअमचा धडा आणि दुकानातला सेल

बालभारतीच्या इयत्ता आठवीच्या सामान्य विज्ञानाच्या पुस्तकात (२०१८) धाराविद्युतच्या पाठात तीन घट भेटतात : कोरडा विद्युतघट, शिसे-आम्ल विद्युतघट आणि निकेल-कॅडमिअम घट. तिसऱ्याबद्दल सांगितले आहे ते थोडक्यात असे, की इकडून तिकडे न्यावयाच्या साधनांत तो वापरतात, त्याचे विभवांतर १.२ व्होल्ट असते आणि त्याचे पुन्हा प्रभारण करता येते. यात चूक काहीच नाही. परंतु हा पाठ शिकलेला विद्यार्थी दुकानात जाऊन पुन्हा चार्ज होणारा पेन्सिल सेल मागू लागला, तर त्याच्या हाती बहुधा निकेल-मेटल हायड्राइड घट पडेल, नाहीतर लिथिअम-आयन. निकेल-कॅडमिअम आज खेळण्यातल्या मोटारींच्या गठ्ठ्यांत, आणीबाणीच्या दिव्यांत, असा कुठे कुठे उरला आहे. युरोपीय संघाने तर २००६ च्या निर्देशाने घरगुती वापरातून तो जवळजवळ काढून टाकला, आणि बिनतारी हत्यारांना दिलेली सवलतही २०१६ च्या अखेरीस संपवली.

पाठ्यपुस्तक बाजाराच्या चार पावले मागे असणारच, त्याबद्दल आम्ही वाद घालणार नाही. आमची हरकत निराळी आहे. जुना घट गेला, पण त्याच्याभोवती तयार झालेले नियम मात्र गेले नाहीत. चार्जरबरोबर मिळणाऱ्या पत्रकात, दुकानदाराच्या सल्ल्यात आणि शाळेच्या प्रयोगशाळेतील कपाटात ते अजून नांदत आहेत, आणि नव्या घटांचे आयुष्य त्यांच्यामुळेच कमी होते.

पहिला नियम सर्वांच्या तोंडी आहे : सेल पूर्ण संपल्याशिवाय चार्जिंगला लावू नये, नाहीतर त्याला ‘सवय’ लागते. या सवयीला इंग्रजीत स्मृतीचे नाव मिळाले. तिचे मूळ निकेल-कॅडमिअममध्ये आणि तेही फार विशिष्ट परिस्थितीत आहे. उपग्रहांवरील घट दर फेरीत अगदी तेवढेच रिकामे होत आणि तेवढेच भरले जात. असे पुष्कळदा झाले म्हणजे ठरावीक बिंदूपाशी त्यांचे विभवांतर उतरू लागे. घरातल्या विजेरीचा वापर कधी इतका शिस्तीचा असतो काय? निकेल-मेटल हायड्राइडमध्ये हा दोष अत्यल्प आहे आणि एकदोन पूर्ण फेऱ्यांनी तो जातो. लिथिअम-आयनच्या बाबतीत तर हा सल्ला सरळ उलटाच ठरतो. त्या घटाला पूर्ण रिकामे होणेच मानवत नाही.

बरे, हा सल्ला नुसता निरुपयोगी असता तर सोडून दिला असता. तो घातकही आहे. विजेरीत तीन सेल एकसरीत आहेत आणि तिघांची क्षमता तंतोतंत सारखी नाही असे धरू. (ती कधीच नसते.) ‘पूर्ण संपवायचे’ म्हणून दिवा विझेपर्यंत चालू ठेवला, तर दुबळा सेल आधी रिकामा होतो. उरलेले दोघे मात्र त्याच्यातून धारा ढकलतच राहतात. आता त्या सेलचे प्रभारण उलट्या दिशेने होऊ लागते, त्याची ध्रुवता पालटते, आत वायू साठतो आणि सेल कायमचा जायबंदी होतो. दिवा मंद झाला की बंद करावा, एवढे पुरे. वर्गात एकसर जोडणी शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे. केवळ विभवांतरांची बेरीज करण्यापेक्षा मुलांना ते अधिक लक्षात राहते.

आता चार्जर. आमच्या मते खरेदी येथून सुरू व्हावी, सेलपासून नव्हे. सेलांबरोबर फुकट म्हणून मिळणारा साधा चार्जर उघडून पाहिला तर आत एक छोटा रोहित्र, एकदोन डायोड, रोध आणि लाल दिवा, एवढाच संसार असतो. तो लाल दिवा सेल भरला की नाही हे सांगत नाही. धारा वाहते आहे, एवढेच तो सांगतो. सेल भरल्यावरही तो तितक्याच उत्साहाने जळत राहतो. अशा चार्जरच्या पाठीवर बारीक अक्षरांत धारेचा आकडा असतो. समजा तो १५० मिलिअँपिअर आहे. भरताना काही भाग उष्णतेत जातो म्हणून क्षमतेच्या सुमारे १.४ पट द्यावे लागते. ७०० मिलिअँपिअर-तासांच्या जुन्या निकेल-कॅडमिअम सेलला साडेसहा तास लागत. आजच्या २००० च्या सेलला त्याच चार्जरवर साडेअठरा तासांहून अधिक लागतील. म्हणजे जुन्या पत्रकाप्रमाणे वेळ मोजणाऱ्याचा सेल अर्धाही भरत नाही आणि तो म्हणतो, ‘नवे सेल टिकत नाहीत.’ उलट ८०० मिलिअँपिअर-तासांचा बारीक पेन्सिल सेल साडेसात तासांत भरतो. तो संध्याकाळी सहाला लावून सकाळी आठला काढणारा गृहस्थ त्याला जवळजवळ दुप्पट खाऊ घालतो.

जास्त खाऊ घातल्याने काय होते? निकेल-मेटल हायड्राइड घट भरत आला की धन पट्टीवर ऑक्सिजन निघू लागतो. तो ऋण पट्टीपाशी जातो आणि तेथे त्याचे पुन्हा पाणी होते. या क्रियेत उष्णता बाहेर पडते. याचा अर्थ असा, की भरलेल्या घटाला दिलेली वीज साठत नाही, तिची उष्णता होते. सेल तापतो, आणि तापल्यामुळे त्याचे विभवांतर वाढायचे थांबून किंचित उतरते. हा उतार दर सेलमागे पाच-दहा मिलिव्होल्ट इतका लहान असतो. चांगला चार्जर प्रत्येक सेलवर स्वतंत्र नजर ठेवून हीच घसरण पकडतो आणि धारा बंद करतो. जोडीला तापमान आणि वेळ यांचीही मर्यादा पाळतो. निकेल-कॅडमिअममध्ये हा उतार अधिक ठळक असतो. त्यामुळे केवळ त्याच्यासाठी बनवलेल्या चार्जरला नव्या घटाची खूण कधी कधी दिसतच नाही.

तेव्हा चार्जर घेताना एकच प्रश्न विचारावा : यात एक सेल किंवा तीन सेल लावता येतात का? ‘जोडीनेच लावा’ असे उत्तर आले तर दोन सेल एकसरीत भरले जातात आणि एक अर्धा व एक रिकामा असला तरी दोघांना सारखेच वाढले जाते. असा चार्जर स्वस्त असला तरी महाग पडतो.

पाकिटावर सर्वांत मोठ्या टायपात जो आकडा असतो, त्याच्याविषयीही आम्हांला तक्रार आहे. मिलिअँपिअर-तास हे विद्युतप्रभाराचे माप आहे. २००० मिलिअँपिअर-तास म्हणजे ७२०० कूलॉम. ही ऊर्जा नव्हे. ऊर्जा हवी तर विभवांतराने गुणावे लागते. हे दहावीच्या मुलाला ठाऊक असते आणि पाकीट छापणाऱ्यालाही, पण पाकीट छापणारा त्याचा फायदा घेतो. अलीकडे पेन्सिल सेलच्या आकारात १.५ व्होल्टचे लिथिअम-आयन घट येतात. त्यांच्यावर ‘३०००’ असा दणदणीत आकडा असतो, पण त्यापुढचे एकक मिलिवॉट-तास असते. त्याला १.५ ने भागले की २००० मिलिअँपिअर-तास उरतात. शेजारच्या २००० मिलिअँपिअर-तासांच्या निकेल-मेटल हायड्राइडची ऊर्जा २४०० मिलिवॉट-तास. फरक आहे, पण दिसतो तेवढा नाही. पॉवर बँकेवरचे १०,००० हेदेखील आतल्या ३.७ व्होल्टच्या घटाचे असतात. ५ व्होल्टला बाहेर येताना ते ७४०० होतात आणि रूपांतरात त्यांतलेही काही जातात.

काही आकडे तर निव्वळ थापा असतात. पेन्सिल सेलच्या आकारात (व्यास १४.५ मिलिमीटर, उंची ५०.५) निकेल-मेटल हायड्राइडची मजल २७००-२८०० च्या पुढे फारशी गेलेली नाही. विजेरीतल्या १८ गुणिले ६५ मिलिमीटरच्या लिथिअम घटावर ‘९९००’ छापलेले दिसते. उत्तम घटांची क्षमता ३५०० च्या आसपास असते.

खरा आकडा शाळेत काढता येतो. नामांकित क्षमता मोजताना घट साधारण पाच तासांत रिकामा होईल अशी धारा घेतात आणि विभवांतर १.० व्होल्टवर आले की थांबतात. भरलेल्या सेलला ३.३ ओहम, २ वॉटचा रोध जोडावा. सुमारे ३६० मिलिअँपिअर धारा वाहील. दर पंधरा मिनिटांनी मल्टिमीटरने रोधाच्या टोकांमधील विभवांतर नोंदवून त्याला ३.३ ने भागावे आणि धारा-काल आलेख काढावा. आलेखाखालचे क्षेत्रफळ हीच क्षमता. अकराला शाळा भरताना सुरू केले तर २००० चा सेल साडेचारच्या सुमारास १ व्होल्टवर येईल. साध्या जस्त-कार्बन सेलचा आलेख सुरुवातीपासून उतरत जातो, याचा मात्र पठारासारखा सपाट राहून अखेरीस कडा कोसळावी तसा पडतो. ‘१.५ ऐवजी १.२ म्हणजे हा सेल कमजोर’ या समजाला हे दोन आलेख शेजारी शेजारी लावणे हे उत्तम उत्तर आहे.

मोठा आकडा खरा असला तरी तो घ्यावाच असे नाही. साधा निकेल-मेटल हायड्राइड घट नुसता पडून राहिला तरी झिरपत असतो. पहिल्या महिन्यातच पाचवा हिस्सा किंवा अधिक जातो, आणि उष्णतेत ही गळती वाढते. एप्रिलअखेर भरून कपाटात ठेवलेला सेल विदर्भातल्या उन्हाळ्यानंतर जूनमध्ये काय स्थितीत मिळेल, याचा अंदाज शिक्षकांनी करावा. २००५ साली सान्यो कंपनीने एनेलूप नावाने कमी गळतीचा घट आणला, तो वर्षभरानंतरही बहुतांश भरलेला राहतो. आता अनेक कंपन्या असे घट ‘रेडी टू यूज’ किंवा ‘प्री-चार्ज्ड’ म्हणून विकतात. एनेलूपमध्ये साध्या, सुमारे २००० च्या घटाला कंपनी २१०० फेऱ्यांचे आयुष्य सांगते, तर २५०० च्या आसपासच्या ‘प्रो’ घटाला ५०० चे. पंचवीस टक्के अधिक क्षमतेसाठी आयुष्य चौथ्या हिश्श्यावर! प्रार्थनेच्या बिनतारी माइकला, विजेरीला, खेळण्याला आम्ही कमी गळतीचा २००० चाच घेऊ. भिंतीवरच्या घड्याळाला मात्र साधा जस्त-कार्बन सेलच बरा. ते इतकी कमी धारा घेते की चार्ज होणाऱ्या सेलची किंमत कधी वसूलच होणार नाही.

वर्गातल्या प्रयोगांसाठी घेतलेल्या सेलांबद्दल मात्र आमचा सूर थोडा चढा लागेल, कारण येथे प्रश्न पैशांचा नाही. जस्त-कार्बन पेन्सिल सेलचा अंतर्गत रोध अर्ध्या ओहमच्या आसपास धरला तर दोन टोके तारेने जोडल्यावर ३ अँपिअर धारा येते आणि लगेच ढासळते. निकेल-मेटल हायड्राइडचा अंतर्गत रोध सुमारे ३० मिलिओहम. १.२ भागिले ०.०३ म्हणजे हिशेबाने ४० अँपिअर. तारेच्या आणि स्पर्शाच्या रोधामुळे ती पुष्कळ कमी होईल, तरीही बारीक तार लाल होण्यास आणि तिचे प्लॅस्टिक वितळण्यास पुरेशी असते. विद्युतचुंबक करणारी मुले घट नेमका असाच जोडतात. ‘पर्यावरणपूरक’ म्हणून सातवी-आठवीच्या पेटीत हे सेल सरसकट घालणे आम्हांला पटत नाही. घालायचेच तर प्रत्येक घटधारकाशी एकसरीत एक विजेरीचा बल्ब किंवा १ अँपिअरचा फ्यूज पक्का जोडून द्यावा. दप्तरात किंवा खिशात किल्ल्यांबरोबर सुटे सेल ठेवू देऊ नयेत. १.५ व्होल्टचे लिथिअम घट निकेलच्या चार्जरमध्ये कदापि घालू नयेत. त्यांतून आग लागू शकते. शिवाय त्यांच्या आत विभवांतर सावरून धरणारे मंडल असते, त्यामुळे अंतर्गत रोधाच्या प्रयोगात ते भलतेच निष्कर्ष देतात.

राहिला मेलेल्या सेलांचा प्रश्न. कॅडमिअम विषारी आहे. जपानमधील जिंझू नदीच्या खोऱ्यात खाणींतून आलेल्या कॅडमिअमने झालेल्या ‘इताई-इताई’ या हाडांच्या व्याधीचा उल्लेख निकेल-कॅडमिअमच्या पाठाशेजारी हवा होता. आपल्याकडे २००१ चे बॅटरीविषयक नियम फक्त शिसे-आम्ल घटांपुरते होते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांत लहान सुट्या घटांसह सर्व प्रकार आले आणि वापरलेले घट परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली गेली. घटावर फुली मारलेल्या कचरापेटीचे चित्र असते ते यासाठीच. तोपर्यंत शाळेने झाकणाचा एक कोरडा प्लॅस्टिक डबा ठेवावा, लिथिअम घटांच्या टोकांना चिकटपट्टी लावावी, आणि डबा भरला की नोंदणीकृत ई-कचरा संकलकाकडे पाठवावा.