दयायाचना की हक्काची मागणी? : प्रारंभिक अमेरिकेतील ऋणको कैद्यांच्या लेखनाची चिकित्सा

प्रस्तावना :
स्वातंत्र्याचा उद्घोष करणाऱ्या नवजात अमेरिकी प्रजासत्ताकात कर्ज न फेडणाऱ्या नागरिकास तुरुंगात डांबण्याची प्रथा कायम होती. मिळकतीची साधनेच हिरावून घेऊन कर्जफेडीची अपेक्षा करणे हा या प्रथेतील मूलभूत अंतर्विरोध होय. न्यूयॉर्कच्या तुरुंगात तर कैद्यास अन्न आणि सरपण यांचीही तजवीज स्वतःच करावी लागे. या परिस्थितीतून निर्माण झालेल्या याचनापत्रांकडे केवळ करुण दस्तऐवज म्हणून पाहणे अपुरे आहे. दया कोणाकडे, कोणत्या नात्याने आणि कोणाच्या वतीने मागितली आहे, हे तपासणे आवश्यक ठरते.

याचनेची भाषा :
अशा पत्रांत सामान्यतः ऋणको आपल्या अपयशाला दुर्दैव म्हणतो, फसवणुकीचा आरोप नाकारतो, पत्नी व मुलांची दैना सांगतो आणि अखेरीस धनकोच्या औदार्याला आवाहन करतो. ही मांडणी परिणामकारक असली, तरी तिच्यामुळे धनकोची सत्ता अबाधितच राहते, कारण दया देणे अथवा नाकारणे हे त्याच्याच हाती असते.

विल्यम ड्यूअर याचे उदाहरण येथे बोलके आहे. मार्च १७९२ मध्ये सट्टा कोसळताच त्याने आपला जुना सहकारी, अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन, याच्याकडे सरकारी दावा थांबविण्यासाठी धाव घेतली. त्याच महिन्यात तो तुरुंगात गेला. मात्र एप्रिलमध्ये तुरुंगाबाहेर संतप्त जमाव जमला. ड्यूअरने ज्यांचे पैसे बुडविले, त्यांत विधवा, कारागीर व लहान दुकानदार होते. म्हणजेच याचक नेहमीच दुर्बल असतो आणि धनको नेहमीच निर्दय, हे गृहीतक तपासून घ्यावे लागते.

हक्काची भाषा :
विल्यम केटेल्टस याने १८०० मध्ये न्यूयॉर्कच्या तुरुंगातूनच ‘द फॉर्लोर्न होप’ हे वृत्तपत्र काढले. त्यामुळे वैयक्तिक विनवणीचे रूपांतर सार्वजनिक युक्तिवादात झाले. ऋणको कैद्यांनी आपल्या स्थितीची तुलना गुलामगिरीशीही केली. ही तुलना प्रभावी असली, तरी सदोष आहे. कायदा ऋणकोला कैद करीत होता, पण त्याला मालमत्ता ठरवीत नव्हता. गुलामाला मात्र कायद्याने मालमत्ताच मानले होते.

दयेचा लाभार्थी कोण? :
एप्रिल १८०० चा संघीय दिवाळखोरी कायदा व्यापारी, सावकार, दलाल आदींनाच लागू होता. त्यासाठी किमान १००० डॉलरचे कर्ज असणे आवश्यक होते आणि अर्ज करण्याचा अधिकार धनकोंकडे होता. क्रांतियुद्धाचा अर्थपुरवठादार रॉबर्ट मॉरिस १७९८ पासून फिलाडेल्फियाच्या तुरुंगात होता. जॉर्ज वॉशिंग्टनने तेथे जाऊन त्याच्यासमवेत भोजन केले होते. या कायद्याच्या आधारे १८०१ मध्ये त्याची सुटका झाली. ज्याचे कर्ज थोडे, त्या कारागिरास मात्र या कायद्याचे दार बंदच होते. १८०३ मध्ये तर तो कायदाच रद्द झाला.

निष्कर्ष :
ब्रूस मॅन यांच्या ‘रिपब्लिक ऑफ डेटर्स’ (२००२) या ग्रंथामुळे या विषयाला अभ्यासात योग्य स्थान मिळाले. तथापि साहित्यदृष्ट्या एक भेद अधोरेखित करावासा वाटतो. दयायाचनेने फार तर एका कैद्यासाठी दार उघडते. हक्काची भाषा त्या दाराच्या अस्तित्वालाच आव्हान देते. न्यूयॉर्क राज्याने कर्जापोटी होणारी कैद १८३१ च्या कायद्याने मोडीत काढली. तोपर्यंत मोठ्या ऋणकोचे दुर्दैव आणि लहान ऋणकोचा गुन्हा, हा दुहेरी न्याय या लेखनाच्या ओळींमधून वाचावा लागतो.